बसायला मनाई असलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी लाकडी खुर्ची आहे. इतकी बुटकी, की मोठी माणसे आधी मला धडकतात आणि मग मला पाहतात. धडकल्यावर "ही कुणी ठेवली इथे?" असे रागाने विचारतात, जणू मीच चालत जाऊन त्यांच्या वाटेत उभी राहिले. मी मात्र त्यांना केव्हाच पाहिलेले असते. माझ्या उंचीवरून पहिल्यांदा दिसतात ते बूट आणि चपला. घाबरलेला माणूस वर कितीही हसत असला, तरी खाली त्याचा अंगठा चपलेत आत ओढलेला असतो. टेबलांची खालची बाजूही मला दिसते. तिथे काय काय चिकटवलेले असते ते मी सांगत नाही. तुम्ही मुले आहात, तुम्हाला ते ठाऊक आहेच.

माझा जन्म एका सुताराच्या पडवीत झाला. एका बालवाडीसाठी त्याने माझ्यासारख्या बऱ्याच खुर्च्या केल्या, पण माझा मागचा डावा पाय नखभर आखूड राहिला. सुताराने मला हलवून पाहिले आणि म्हणाला, "चालेल. लहान मुलंच तर बसणार."

त्याची बायको शेजारी बसून पॉलिश करत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "म्हणूनच चालायचं नाही."

मग तिनेच चामड्याचा एक तुकडा कापून माझ्या पायाखाली चिकटवला. मी ताठ उभी राहिले. पुढे मी मोठमोठ्या लोकांची लांबलचक भाषणे ऐकली, पण त्या बाईच्या एका शब्दाइतके शहाणपण क्वचितच कानावर आले.

बालवाडीतले दिवस सुखाचे होते. माझ्यावर दूध सांडले, डिंक सांडला, एकदा तर शाईची अख्खी बाटली उपडी झाली. एका पोराने खिळ्याने माझ्या पाठीवर एक मासा कोरला. त्याला त्याबद्दल ओरडा बसला, मला मात्र तो मासा फार आवडला. मग प्लास्टिकच्या रंगीत खुर्च्या आल्या आणि आम्हा जुन्यांची रवानगी केरसुण्यांच्या खोलीत झाली. तिथे किती वर्षे गेली ते केरसुण्यांनाच विचारा. शेवटी कोणालातरी आठवले, की गावातल्या कौटुंबिक न्यायालयाला मुलांच्या कोपऱ्यासाठी लहान खुर्च्या हव्या आहेत. अशी मी कोर्टाची पायरी चढले, तीही कसलाही गुन्हा न करता.

या न्यायालयात काय चालते ते सांगते. काही घरांत मुलांची आबाळ होते. कधी आई-वडील आजारी असतात, कधी ते स्वतःच इतके खचलेले असतात, की मूल जेवले की नाही हे विचारायचेही त्यांना भान राहत नाही. अशा वेळी बालकल्याण विभाग त्या मुलाला उचलून एखाद्या सुरक्षित घरी ठेवतो आणि पुढे त्याने कायमचे कुठे राहायचे हे न्यायालय ठरवते. न्यायालयाने ठरवेपर्यंत मूल त्या परक्या घरात 'तोवर' राहते. तोवरची शाळा, तोवरचा पलंग, तोवरचे मित्र. मोठ्यांना हा शब्द अगदी छोटा वाटतो.

मुलांच्या कोपऱ्यात मला फारसे कोणी विचारले नाही. मुले आईच्या मांडीवर नाहीतर समाजसेविकेच्या कडेवर असायची. माझ्यावर पिशव्या असायच्या. दिवा बदलायला माझ्यावर चढून एका जाड्या माणसाने माझा जीव काढला. त्याच झटापटीत चामड्याचा तुकडाही पडला आणि मी पुन्हा डुगडुगू लागले.

मग नव्या न्यायाधीशबाई आल्या. त्यांच्या चपला सपाट होत्या आणि एका चपलेचा पट्टा शिवलेला होता. त्यांच्या टेबलावर जी प्रकरणे आली, त्यांतल्या कित्येकांचे घोंगडे भिजत पडले होते. कारण एकच, तारीख. आज अहवाल आला नाही, तारीख द्या. आज वकील दुसऱ्या गावी आहेत, तारीख द्या. मागणारा मागतो, देणारा देतो, आणि मूल 'तोवर'च्या घरात एका बुटाच्या मापाने वाढते.

एके सकाळी बाई घाईने चालल्या होत्या आणि माझ्यावर सणसणीत आदळल्या. गुडघा चोळत त्या खाली वाकल्या, माझ्या पाठीवरच्या माशाकडे पाहिले आणि शिपायाला म्हणाल्या, "ही आत घेऊन या."

हा शिपाई म्हणजे किल्ल्यांचा मोठा जुडगा कमरेला लावून फिरणारा गृहस्थ. तो येण्याआधी त्याचा खुळखुळाट येई, म्हणून सगळे त्याला खुळखुळेकाका म्हणत. काकांनी मला उचलून वकिलांच्या दोन टेबलांच्या मधोमध ठेवले. बाईंनी सगळ्यांना सांगितले, "ही त्या मुलाची खुर्ची. ते मूल इथं बसलंय असं समजायचं. ज्यांना पुढची तारीख हवी असेल, त्यांनी हिच्यासमोर यायचं, उकिडवं बसायचं आणि मुलाला कळेल अशा शब्दांत कारण सांगायचं. ते सांगता आलं, तर तारीख देईन."

पहिले काही महिने काय मजा आली म्हणून सांगू. चांगले चांगले वकील माझ्यासमोर बसले, की त्यांची बोबडी वळायची. एक जण मोठ्या तोऱ्यात आला, गुडघे कडकड वाजवत खाली बसला आणि म्हणाला, "बाळा, मला ना, पुतणीच्या लग्नाला जायचंय." एवढे बोलताच त्याचे कान लाल झाले, तो उठला आणि म्हणाला, "नको मॅडम, आजच चालवूया." प्रकरणे भराभर निकाली निघू लागली. माझी छाती, म्हणजे पाठ, अभिमानाने फुगली.

आणि इथेच घोडे पेंड खाऊ लागले. माझे कौतुक झाले हो. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. दुसऱ्या गावांचे न्यायाधीश मला पाहायला येऊ लागले. खुळखुळेकाका मला रोज तेल लावून पुसू लागले आणि माझ्याभोवती त्यांनी एक लाल दोरी बांधली. माझे इतके देव्हारे माजले, की कुणाची पिशवीसुद्धा माझ्याजवळ ठेवायची सोय उरली नाही. डुगडुगणाऱ्या पायाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. शोभेच्या वस्तूवर कोणी बसणार नसते, मग तिचा पाय कोण तपासतो?

वकीलही सरावले. विभागाचे वकील होते, त्यांचे बूट असे चकचकीत, की त्यात मला माझा चेहरा दिसायचा. ते तर उकिडवे बसायचेही पूर्ण नाहीत. अर्धवट वाकून एका सुरात म्हणायचे, "बाळा, अहवाल यायचाय हं, थोडं थांब." तोंडपाठ झाले होते त्यांचे. बाईंपुढे प्रकरणांचा डोंगर होता. बोलले ना खुर्चीशी? बोलले. मग घ्या तारीख. नियम पाळला गेला, आणि त्यामागचे मूल कधी निसटले ते कोणालाच कळले नाही. मी मूग गिळून बसले होते. खुर्ची दुसरे काय करणार?

त्याच काळात एका मुलीचे प्रकरण माझ्यासमोर वारंवार येऊ लागले. कागदांवर ती 'सदर बालिका' होती. तिची मावशी मात्र तिला खारू म्हणायची. मावशी मागच्या बाकावर बसायची. तिच्या पायात जाड तळव्यांचे बूट असत, कारण ती कापड गिरणीत दिवसभर उभे राहून काम करायची. खारूची आई मनाच्या आजाराने खंगली होती. घरात कधी चूल पेटे, कधी नाही, म्हणून पोरीला खिशात बिस्किटे साठवायची सवय लागली होती. त्यावरूनच मावशीने तिला खारूताई केले आणि मग नुसती खारू.

खारू एका 'तोवर'च्या घरातून दुसऱ्या घरात गेली होती. आता त्या दुसऱ्या घरातले जोडपेही बदलीमुळे गाव सोडून चालले होते. म्हणजे तिसरे घर, तिसरी शाळा. मावशी तिला कायमची सांभाळायला एका पायावर तयार होती. पण मावशीचे घर तपासणाऱ्या अधिकारी बदलल्या. नव्या आल्या, त्यांनी घर पाहिले, तर अहवालावर वरिष्ठांची सही राहिली. सही होतेय तोवर विभागाला आणखी एका तज्ज्ञाचे मत घ्यावेसे वाटले. दर वेळी चकचकीत बूट माझ्यापुढे यायचे. "बाळा, थोडं थांब हं." मागच्या बाकाखाली मावशीचे जाड बूट एकमेकांवर घट्ट दाबले जायचे.

शेवटी बाईंनी ठरवले, की पुढच्या सुनावणीआधी आपण मुलीला भेटायचे. त्या दिवशी समाजसेविका खारूला घेऊन सकाळी लवकर आली आणि बाई आल्यात का ते पाहायला बाहेर गेली. कोर्टात मी, खुळखुळेकाका आणि ती. मित्रांनो, जिच्यासाठी मी तिथे इतके दिवस उभी होते, तिला मी पहिल्यांदा पाहत होते. एक मोजा वर, एक मोजा घसरून घोट्यावर. पाठीवर तिच्याएवढी मोठी बॅग. तिने एवढ्या उंच-उंच खुर्च्यांकडे पाहिले, मग मला पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. लाल दोरीखालून वाकून ती सरळ माझ्याकडे आली.

"अगं ए, अगं ए," काका धावत आले. "तिथं नाही बसायचं. ती मुलाची खुर्ची आहे."

खारू थांबली. "कुठल्या मुलाची?"

"म्हणजे... मुलाची. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग तो कधी येणार?"

काकांनी किल्ल्या या बोटातून त्या बोटात केल्या. "तो तसा येत नाही."

"कध्धीच नाही?"

काकांनी वाकून लाल दोरी नीट केली. मला तर माझा आखूड पाय जोरजोरात आपटावासा वाटत होता. अरे बाबा, ती आलीये, हीच ती. पण लाकडाला कुठे तोंड असते? काकांचाही दोष नव्हता म्हणा. त्यांनी मला जिवापाड जपले होते, फक्त कोणासाठी जपायचे ते विसरून गेले होते.

खारू मुकाट्याने दोरीबाहेर गेली आणि उभी राहिली. थोडा विचार करून तिने खिशात हात घातला, एक बिस्कीट काढले आणि त्याचे दोन तुकडे केले. मग दोरीवरून हात लांब करून तिने त्यातला मोठा तुकडा माझ्यावर ठेवला.

"आला तर भूक लागली असेल त्याला," ती काकांना म्हणाली.

दारात सपाट चपला उभ्या होत्या. बाई केव्हा आल्या ते मलाही कळले नव्हते, पण त्यांनी सारे ऐकले होते हे नक्की. कारण त्या आत आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती लाल दोरी सोडली. काका घाईघाईने पुढे झाले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या काका. चूक माझी आहे."

मग त्या चक्क जमिनीवर बसल्या, काळ्या झग्यासकट. "खारू, ही तुझीच खुर्ची आहे. तुझीच वाट बघत होती. बस."

खारूने बिस्कीट उचलून कडेने जरासे कुरतडले आणि ती माझ्यावर बसली. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्यावर एक मूल बसले होते. मी डुगडुगले आणि ती दचकली. बाईंनी वाकून पाहिले, स्वतःच्या खिशातला रुमाल काढला, घडी केली आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवला. सुताराच्या बायकोनंतर हे सुचलेले दुसरे माणूस म्हणजे या बाई.

"तुला काही विचारायचंय मला?" बाईंनी विचारले.

मला वाटले, आई कुठे आहे म्हणून विचारेल, मावशीकडे कधी जाऊ म्हणून विचारेल. पण ती म्हणाली, "मी बॅग उघडू का?"

"कुठली बॅग?"

"ही. त्या घरातल्या काकू म्हणतात, कपडे कपाटात लाव. पण मी लावले की परत भरायला लागतात. मागच्या वेळी माझा हिरवा फ्रॉक तिकडेच राहिला. म्हणून मी आता उघडतच नाही. तुम्ही सांगितलं की उघडेन."

बाईंनी त्या गच्च भरलेल्या बॅगेकडे पाहिले. मग म्हणाल्या, "तू कुठं राहायचं, ते मी आत्ता नाही सांगू शकत. आधी सगळ्यांचं ऐकून घ्यायला हवं. पण आज घरी जायच्या आधी मी तुला सांगेन. एवढं पक्कं."

"पुढच्या तारखेला नाही ना?"

"नाही. आज."

समाजसेविका खारूला शेजारच्या खोलीत घेऊन निघाली. खारू उठली आणि तिने तो बिस्किटाचा तुकडा पुन्हा माझ्यावर ठेवला. "अगं, तुझं बिस्कीट," समाजसेविका म्हणाली. खारू म्हणाली, "असू दे. दुसरं कुणीतरी येईल ना."

सुनावणी सुरू झाली. चकचकीत बूट उभे राहिले. तज्ज्ञांचे मत अजून यायचे आहे, अहवालावर सही व्हायची आहे, पुढची तारीख मिळावी, असे त्यांनी सांगितले. बाई म्हणाल्या, "नियम ठाऊक आहे तुम्हाला. खुर्चीला सांगा."

ते आले, नेहमीसारखे अर्धवट वाकले, "बाळा, अहवाल..." म्हणाले आणि थांबले. माझ्यावर अर्धे बिस्कीट होते आणि त्याच्या कडेला छोट्या दातांची खूण होती. त्यांनी बाईंकडे पाहिले. मग त्यांनी खाली, माझ्या पायाखालच्या रुमालाकडे पाहिले. पहिल्यांदाच ते पूर्ण खाली बसले. इतके, की त्यांचे डोळे माझ्या पाठीच्या उंचीला आले. मला वाटते त्या उंचीवरून त्यांनी ते कोर्ट आधी कधी पाहिलेच नव्हते. मागच्या बाकाखालचे मावशीचे बूट त्यांना तिथून नक्की दिसले असणार.

ते उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखा गुळगुळीत नव्हता. "मॅडम, ज्यांनी घर पाहिलंय, त्या अधिकारी खालच्या मजल्यावरच आहेत, दुसऱ्या कामासाठी आल्यात. सही नसली तरी त्यांनी स्वतः पाहिलेलं त्या इथं येऊन सांगू शकतात. तज्ज्ञांची गरज..." ते जरा अडखळले. "खरं सांगायचं तर तज्ज्ञांची तितकीशी गरज नाही."

अधिकारी आल्या. बाईंनी खोदून खोदून विचारले. झोपायला जागा कुठे, मावशी कामावर असताना मुलीकडे कोण पाहणार, शाळा किती लांब, आईने भेटायला यायचे झाले तर कसे. मावशीने शेजारच्या आजींचे नाव पुढे केले, तर बाईंनी त्या आजींनाही फोन लावायला सांगितले. आजींना ऐकू कमी येत असावे, कारण त्यांचा "हो, आहे मी, आहे" हा आवाज फोनबाहेर साऱ्या कोर्टाला ऐकू आला. घाई होती, पण उरकाउरकी नव्हती. ही दोन वेगळी असतात हे मला त्या दिवशी कळले.

शेवटी आईची पाळी आली. तिच्या चपलांच्या टाचा झिजल्या होत्या आणि अंगठे आत ओढलेले होते. तिची वकील काही बोलणार, तोच ती स्वतः उभी राहिली. "माझे उपचार चालू आहेत," ती म्हणाली. "मला बरं व्हायला वेळ लागेल. तो मी घेते. पण तिला ताटकळत ठेवू नका. माझ्या बहिणीकडे जाऊ दे तिला. मी तिथं येत जाईन." एवढे बोलताना तिचे अंगठे हळूहळू सरळ झाले. तिला किती जड गेले असेल ते बोलणे, ते मी सांगू शकत नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात तिच्याबद्दल फार आदर आहे.

दुपार कलली तेव्हा निर्णय झाला. बाईंनी समाजसेविकेच्या हाती निरोप धाडला नाही. त्यांनी खारूला आत बोलावले, माझ्यावर बसवले आणि पुन्हा जमिनीवर बसल्या.

"तू मावशीकडे राहणार. आजपासून. 'तोवर' नाही, कायम. आई तुला तिथं भेटायला येईल."

खारूने मान वळवून मावशीकडे पाहिले. मावशी तोंडाला पदर लावून नुसती मान हलवत होती. मग खारूने बाईंकडे पाहिले. "मग उघडू?"

"उघड."

बाईंना म्हणायचे होते घरी जाऊन. पण खारूने पाठीवरची बॅग काढली, चेन सर्रकन ओढली आणि कोर्टाच्या मधोमध सगळी बॅग उपडी केली. फ्रॉक, एकेकटे मोजे, वाटाण्याएवढा झालेला खोडरबर, कंगवा, आणि बिस्किटांचा असा ढीग, की खुळखुळेकाकांनी कपाळाला हात लावला. कोर्टात हशा पिकला. चकचकीत बूटवाले वकीलसाहेब खाली बसून टेबलाखाली गेलेले मोजे गोळा करू लागले. माझा जीव भांड्यात पडला. इतका हलका दिवस मी बालवाडीनंतर पाहिला नव्हता.

त्यानंतर बाईंनी आपली पद्धत बदलली. आता प्रकरण आले, की पहिल्याच दिवशी कोणी काय, केव्हापर्यंत आणायचे ते सगळे ठरते आणि ज्याने आणायचे त्याला बाईंच्या डोळ्यांत पाहून 'हो' म्हणावे लागते. आणि मी कोर्टात नसते. बाईंच्या खोलीत खिडकीपाशी असते. जे मूल येते ते माझ्यावर बसते. पाय हलवते, माशावरून बोट फिरवते, कधी काही बोलते, कधी नाही. काकांनी लाल दोरीचे वेटोळे करून ते माझ्या पायाखाली खिळ्याने ठोकून दिले आहे. आता मी डुगडुगत नाही, आणि दोरीही पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगाला आली आहे.

आता मी म्हातारी झाले आहे. पॉलिश उडाले, पाठीला चीर गेली. परवा कोणीतरी म्हणाले, हिला काचेच्या कपाटात ठेवू या, ऐतिहासिक वस्तू आहे. मित्रांनो, तेवढे होऊ देऊ नका. लहानांसाठी केलेली वस्तू लहानांच्या हाती राहू द्या, मग ती मोडली तरी चालेल. आणि मोठे होऊन तुम्ही वकील झालात, न्यायाधीश झालात, किंवा नुसते कोणाचे मामा-मावशी झालात, तर कोणत्याही मुलाच्या नावाने रिकामी खुर्ची मांडू नका. त्या मुलालाच बोलवा.

माझ्या फटीत त्या बिस्किटाचा चुरा अजून आहे. काका रोज पुसतात, पण तेवढी फट सोडून.